काय येतं तुम्हाला?

बालमित्रांनो, तोंडी परीक्षा तुम्हाला आवडते का? खरं सांगा हं! लेखी परीक्षेत एखादं उत्तर आठवलं नाही, तर खिडकीबाहेर बघत पेन्सिल चावता येते. तोंडी परीक्षेत तशी सोय नाही. समोर बाई बसलेल्या, डोळे आपल्याकडे, आणि घरी धडाधडा म्हणून दाखवलेली कविता नेमकी घशात अडकलेली. हातांना घाम फुटतो. आवाज बारीक होतो. असं होतं ना?

मग आता आणखी एक गोष्ट सांगते. अशीच तोंडी परीक्षा तुमच्या बाबांना, काकांना, आईला, मावशीलाही द्यावी लागते. तिला मुलाखत म्हणतात. आणि तुमच्याइतकीच, किंबहुना तुमच्याहून जास्त भीती त्यांना वाटते. कारण तुमचे गुण कमी पडले, तर पुढच्या चाचणीत भरून काढता येतात. त्यांची मुलाखत बिघडली, तर त्या महिन्याचं घरभाडं अडतं.

मी नवी मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. झाल्यापासून पहिली ते चौथीच्या मुलांमध्येच माझे दिवस जातात. पण गेली काही वर्षं रविवारी सकाळी दहा ते बारा माझा आणखी एक वर्ग भरतो. तुर्भ्याजवळच्या एका वस्तीतल्या समाजमंदिराच्या खोलीत. या वर्गातले विद्यार्थी वीस ते पन्नास वर्षांचे! फी नाही, हजेरी नाही, घंटा नाही. नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी लोक इथे सराव करायला येतात. बीड, परभणी, सोलापूरकडून आलेले येतात, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलेही येतात. आज त्या वर्गाविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे.

त्याआधी थोडा इतिहास सांगते. कंटाळू नका, छोटाच आहे!

नवी मुंबई नावाप्रमाणेच नवी आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे एक नवं शहर वसवायचं ठरलं. १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल धावू लागली आणि त्याच वर्षी १ जानेवारीला नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, उरणजवळ न्हावा-शेवा बंदर आलं, मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले. आता विमानतळही झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्‌घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली.

जिथे काम, तिथे माणसं येणारच. माझे वडीलही असेच आले. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातून. डोंगरउतारावरची तुकड्या-तुकड्यांची शेती, पाऊस उदंड पण उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. आबा मुंबईत आले आणि माथाडी झाले. माथाडी म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? माथ्यावर, पाठीवर ओझी वाहणारे कामगार. बाजार वाशीला आला, तसे आबाही इकडे आले. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत मी लहानाची मोठी झाले.

मी एकदा आबांना विचारलं, "आबा, तुमची मुलाखत कोणी घेतली होती?" आबा खो खो हसले. म्हणाले, "मुलाखत? गावच्या माणसानं मुकादमापुढं उभं केलं. मुकादमानं खांद्याकडं बघितलं नि म्हणाला, उचल ते पोतं. उचललं. झाली मुलाखत!"

त्या काळी बहुतेक कामं अशीच मिळत. मुंबईच्या कापडगिरण्यांतही पूर्वी जॉबर नावाचा माणूस दारात उभा राहून कामगार निवडत असे. ओळख असली तर काम, नसली तर परत फिरा. पुढे कामगार झगडले, कायदे झाले. १९६९ साली माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात खास कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांची मोठी धडपड होती. त्या कायद्यामुळे आबांची मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी जमू लागला. त्या पैशांतूनच माझं डी.एड. झालं.

पण आता काळ बदलला आहे. गोदाम असो, रुग्णालय असो, मॉल असो, नाहीतर इमारतीचा पहारेकरी असो, आधी एका टेबलासमोर बसावं लागतं. समोरचा साहेब विचारतो, "अपने बारे में बताइए." आणि शंभर किलोचं पोतं लीलया उचलणारा माणूस या एका वाक्याखाली दबून जातो!

माझा रविवारचा वर्ग सुरू झाला तो एका पालकांमुळे. तिसरीतल्या एका मुलाचे वडील. बीड जिल्ह्यातून नुकतेच आलेले. पालकसभा संपली, सगळे गेले, तरी हे दारात उभेच. मला वाटलं, मुलाच्या अभ्यासाचं काही विचारायचं असेल. तर ते हळूच म्हणाले, "बाई, पोराला शिकवता तसं मला बी शिकवा. मला बोलायला येत न्हाई."

"अहो, बोलताय की आत्ता!"

"तसं न्हाई. साहेबापुढं. चार ठिकाणी जाऊन आलो. खुर्चीत बसलं की तोंडच उघडत न्हाई."

मी विचार केला. लिहा-वाचायला शिकवणाऱ्या कितीतरी जणांनी आपल्याकडे मोठ्यांची शाळा चालवली आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावचे प्रौढ कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवू लागले. आजही २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांच्या मदतीने चालतो. अक्षरं शिकवता येतात, तर बोलायचं धैर्य का नाही शिकवता येणार? मी म्हटलं, "या रविवारी."

त्या रविवारी ते आले, सोबत आणखी तिघांना घेऊन. मी एक टेबल मांडलं. अलीकडे मी, पलीकडे काका. पहिलाच प्रश्न विचारला, "काय येतं तुम्हाला?"

काकांनी मान खाली घातली. "काय न्हाई."

"काहीच नाही?"

"शाळा आठवीपर्यंत. मग ऊसतोड. चौदा वर्सं. दुसरं काय येत न्हाई."

मुलांनो, हे 'काय न्हाई' मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की आता मोजणंच सोडून दिलंय. मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, "काका, मुलाखत राहू द्या. ऊसतोड कशी करतात ते सांगा. मी शहरातली, मला ठाऊक नाही."

आणि काय सांगू! काकांची मान वर आली. दिवाळीच्या सुमारास गाव कसं रिकामं होतं, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे कसे घेतात, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' कसं म्हणतात, फडाजवळ कोपी कशी उभारतात, सगळं त्यांनी सांगितलं. पहाटे अंधारात उठून फडावर जायचं. ऊस अगदी बुडाशी तोडायचा, वर तोडला तर नुकसान. पाचट काढायचं, वाढं वेगळं करायचं, मोळी बांधायची. मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रकमध्ये रचायची. ट्रक मध्यरात्री आला, तर मध्यरात्री उठून भरायचा. आणि आपल्या कोयत्याचा माल किती भरला, उचल किती फिटली, याचा हिशोब रोज डोक्यात ठेवायचा. "न्हाईतर मुकादम सांगंल तेच खरं!" काका म्हणाले.

मी फळ्यावर लिहीत गेले. रात्रपाळीची सवय. वजन उचलण्याची ताकद. माल नीट रचण्याची कला. टोळीत मिळून काम करणं. रोजचा हिशोब. पाच ओळी झाल्या. मग मी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "काका, गोदामात काम करायला माणसाला याहून वेगळं काय यावं लागतं?"

काका फळ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "हे समदं मला येतं व्हय?"

तर मित्रांनो, माझ्या वर्गाचा पहिला धडा हाच ठरला. ज्याला 'काही नाही' वाटतं, त्याला आधी त्याचं काम सांगायला लावायचं.

दुसरा धडा खरेपणाचा. सोलापूरकडच्या एक मावशी आल्या होत्या. रुग्णालयात मदतनीस म्हणून जागा होती. त्या सातवी शिकलेल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, "दहावी पास म्हणून दडपून सांग, कोण बघतंय?" त्यांनी मला विचारलं, "सांगू का हो बाई?"

मी म्हटलं, "मावशी, समजा साहेबांनी गुणपत्रिका मागितली, तर? आणि नाही मागितली, तरी रोज कामावर जाताना पोटात गोळा येईल, त्याचं काय? त्यापेक्षा तुम्हाला रुग्णाची सेवा करता येते का, ते सांगा."

"कुठली सेवा? दवाखान्यात कधी कामाला नव्हते मी. घरी सासूबाई लुळ्या पडल्या होत्या, तेवढंच."

"किती वर्षं?"

"सहा."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना उशी उंच करावी लागते, नाहीतर ठसका लागतो. औषधाची वेळ चुकवायची नाही. हे सगळं मावशी सहा वर्षं करत होत्या, आणि त्यांच्या लेखी ते 'तेवढंच' होतं! मुलाखतीत त्यांनी काय सांगितलं ठाऊक आहे? "मी सातवी शिकले आहे. बाटलीवरचं औषधाचं नाव वाचता येतं. घड्याळ कळतं. सहा वर्षं घरच्या रुग्णाची सेवा केली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही." मावशींना ती जागा मिळाली.

तिसरा धडा भाषेचा. आणि हा धडा फार गमतीचा बरं का! नवी मुंबईत मुलाखत कधी मराठीत होते, कधी हिंदीत. आमच्या बीडच्या काकांची हिंदी म्हणजे, "साहब, हम ऊस तोडता था, अब हमको इधर काम होना." आणि बिहारमधल्या दरभंग्याकडून आलेले एक चाचा होते. वायरिंगचं काम त्यांना उत्तम येई, पण मराठी ऐकलं की बावरून जात. विचारलं की म्हणत, "मॅडम, हम तो सिर्फ हेल्पर हैं." मी दोघांना एकमेकांसमोर बसवलं. काका चाचांना मराठी शिकवू लागले, चाचा काकांना हिंदी. चाचांचं पहिलं पाठ झालेलं वाक्य होतं, "मला मराठी समजते. बोलायला शिकतो आहे." ते वाक्य ते इतक्या ठसक्यात म्हणायचे, की खोलीतले सगळे टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवायच्या, पण हसायचं नाही, हा आमच्या वर्गातला पक्का नियम. कोणाच्याही भाषेला हसायचं नाही.

हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड जायचं ते छोट्या साहेबांना! हो, साहेब छोटे होते. सुट्टीचा दिवस, त्यामुळे मुलंही आईबाबांबरोबर यायची. मग आम्ही त्यांनाच साहेब केलं. तिसरीतला एक मुलगा खुर्चीत बसायचा, पाय जमिनीला टेकायचे नाहीत, पण चेहरा केवढा गंभीर! "नाव सांगा. कुठं राहता? या आधी काय काम केलं? रात्रपाळी चालेल का?" समोर त्याचेच बाबा. मोठ्यांना मुलांसमोर बोलायची भीती वाटत नाही, त्यामुळे जिभा मोकळ्या व्हायच्या. आणि मुलांना काय मिळायचं? आपले बाबा दिवसभर काय करत होते, हे त्यांतल्या कित्येकांना पहिल्यांदाच कळत होतं.

चौथा धडा सावधपणाचा. हा मात्र गंमतीचा नाही. नीट वाचा, आणि घरी मोठ्यांनाही वाचून दाखवा. नोकरी देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले, फॉर्मचे, गणवेशाचे, 'साहेबांच्या चहापाण्याचे', तर देऊ नयेत. आमच्या वर्गातल्या एका दादाने असे पैसे भरले होते. घेणारा माणूस पुन्हा दिसला नाही. आधारकार्ड, पॅनकार्ड, शाळेचा दाखला यांच्या प्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाकडे ठेवू नये. आणि मुलाखतीत आपणही प्रश्न विचारावेत. पगार किती, पाळी किती तासांची, सुट्टी कोणती, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवं. ते मागण्यात लाजायचं कारण नाही. आधी हे ऐकून सगळे दचकले. "आपण साहेबाला विचारायचं?" मी म्हटलं, "हो. नमस्कार करून, शांतपणे, पण विचारायचं."

आता एक अवघड गोष्ट सांगते. तुम्ही लहान आहात, पण ही गोष्ट तुम्हाला कळेल असं मला वाटतं.

वर्ग छान चालू होता. एके रविवारी दारात एक आजी येऊन उभ्या राहिल्या. जवळच्याच गावातल्या, आगरी समाजातल्या. त्या थेट म्हणाल्या, "बाय, आमच्या जमिनी गेल्या. आमची पोरं घरी बसल्यान. नि तू भायेरच्या लोकांना शिकवतंस?"

खोली एकदम शांत झाली. बीडचे काका उठून उभे राहिले. चाचा खाली बघू लागले.

मुलांनो, आजींचं म्हणणं झिडकारून टाकण्यासारखं नव्हतं. जिथे आज आपले टॉवर आणि स्टेशनं आहेत, तिथे पूर्वी भातशेती आणि मिठागरं होती. हे शहर वसवण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. आजींनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्यांनी ते दिवस पाहिले होते.

दुसरीकडे, नागरिकशास्त्रात आपण काय शिकतो? भारताच्या संविधानातल्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा आणि कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे काकाही बरोबर होते आणि चाचाही. आणि मी? माझे आबाही एके काळी बाहेरूनच आलेले!

मी आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, "आजी, तुमचं खरं आहे. तुमच्या जमिनीवर हे शहर उभं आहे. पण हा वर्ग कोणा एकाचा नाही. तुमच्या नातवाला पाठवा. मी त्यालाही शिकवीन, अगदी पहिल्या रांगेत बसवून."

आजी काही न बोलता गेल्या. पण पुढच्या रविवारी नातू आला. बारावी झालेला, हुशार, पण मुलाखतीत पायांकडे बघून बोलणारा. तो आला आणि वर्गात रुळलाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका गोदामात माल मोजून घेणाऱ्या मदतनिसाची जागा निघाली. जागा एकच. अर्ज केले बीडच्या काकांनी आणि आजींच्या नातवानेही! दोघेही माझे विद्यार्थी. शनिवारी संध्याकाळी दोघांचाही सराव मी घेतला. एकाला पाच मिनिटं जास्त नाहीत, दुसऱ्याला पाच मिनिटं कमी नाहीत. तुम्हीच सांगा, तुमच्या बाई असत्या तर त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं?

नोकरी नातवाला मिळाली.

सोमवारी तिसरीच्या वर्गात मधल्या सुट्टीत काकांचा मुलगा माझ्या टेबलाजवळ आला. डबा तसाच हातात. म्हणाला, "बाई, माझे बाबा नापास झाले का?"

गणित, मराठी, परिसर अभ्यास या सगळ्यांतले प्रश्न मला रोज विचारले जातात. पण इतका कठीण प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्याला जवळ बसवलं आणि वर्गातली एक खुर्ची मध्ये ओढली. म्हटलं, "ही खुर्ची एक. तू आणि तुझा मित्र दोघंही बसायला आलात. दोघांनाही नीट बसता येतं. पण मावणार किती?"

"एक."

"मग जो उभा राहिला, त्याला बसता येत नाही म्हणायचं का?"

त्याने मान हलवली. "नाही. त्याला दुसरी खुर्ची पायजे."

"बरोबर. तुझे बाबा नापास झालेले नाहीत. त्यांना दुसरी खुर्ची शोधायची आहे."

हे बोलणं सोपं होतं. काकांसाठी ते दिवस सोपे नव्हते. पुढच्या रविवारी ते आले आणि अगदी मागे, भिंतीला टेकून बसले. एक शब्द बोलले नाहीत. नातूही आला होता, नव्या कामाचं ओळखपत्र गळ्यात न घालता, खिशात ठेवून. मला ते दिसलं आणि त्या मुलाविषयी माझ्या मनात आदर दाटून आला. वर्ग संपताना तोच उठून काकांजवळ गेला आणि म्हणाला, "काका, आतमध्ये काय काय विचारलं ते सगळं मी लिहून आणलंय. बसू या का?"

त्या दिवशी आमचा वर्ग एक वाजेपर्यंत चालला. नातू साहेब झाला. त्याने खरेखुरे प्रश्न विचारले. "शंभर खोकी आली, चलनावर एकशे दोन लिहिलीत, तर काय कराल?" काका पहिल्यांदा गोंधळले. मग म्हणाले, "ट्रक सोडणार न्हाई. पुन्हा मोजणार. तरी कमी भरली तर चलनावर तसं लिहून डायवरची सही घेणार." चौदा वर्षं मुकादमाशी हिशोब केलेला माणूस तो! त्याला हे कोणी शिकवायचं?

काकांना त्यानंतर आणखी दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, एका शीतगृहात, रात्रपाळीला त्यांना घेतलं. पगार फार नाही, पण महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो. पहिल्या पगाराची पावती त्यांनी मला दाखवायला आणली. त्यावरचा भविष्यनिर्वाह निधीचा आकडा बोटाने दाखवत ते म्हणाले, "हे बघा बाई, हे बी विचारून घेतलं होतं!" यंदा दिवाळीनंतर त्यांचा मुलगा शाळेतच होता. आधी दरवर्षी दिवाळी झाली की त्याचं नाव पटावर आणि तो फडावर, असं व्हायचं.

आणि आजी? आजी अजूनही मला बाजारात भेटल्या की विचारतात, "काय बाय, शाला चाललंय का तुजी?" भायेरचे लोक हा शब्द त्यांच्या तोंडून अजून पूर्ण गेलेला नाही. पण मध्यंतरी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या त्यांनी, रविवारच्या वर्गासाठी. सगळ्यांसाठी.

सगळ्यांनाच नोकरी मिळते असं नाही हं. काही जण दोनदा येऊन दिसेनासे होतात. काही गावाकडे परत जातात. चाचांना अजून मनाजोगतं काम मिळालेलं नाही. ते दिवसाच्या मजुरीवर जातात आणि रविवारी न चुकता येतात. पण आता ते "सिर्फ हेल्पर" म्हणत नाहीत. "वायरिंगचं काम करतो," म्हणतात. मराठीत!

आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. घाबरू नका, याला गुण नाहीत. आज संध्याकाळी आईजवळ, बाबांजवळ, आजीजवळ, घरी कामाला येणाऱ्या मावशींजवळ किंवा इमारतीच्या पहारेकरी काकांजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय काय येतं?" ते म्हणतील, "मला काय येणार, काही नाही." तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा. दिवसभर काय करता, ते कसं करता, ते बिघडलं तर काय करता? वहीत लिहून काढा. मग ती यादी त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवा.

आणि घरात कोणाची मुलाखत असेल, तर दोन खुर्च्या समोरासमोर मांडा. एकीवर तुम्ही बसा. पाय जमिनीला टेकले नाहीत तरी चालेल. फक्त हसू नका, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका!

पालकहो, तुमच्यापैकी कोणी कचेरीत, कारखान्यात, रुग्णालयात मुलाखती घेत असेल, तर तुम्हालाही एक विनंती आहे. समोरचा माणूस गप्प बसला, तर लगेच पुढचं नाव पुकारू नका. 'आपल्याविषयी सांगा' हा प्रश्न बाजूला ठेवून, 'काल दिवसभर काय काम केलंत?' असं विचारून बघा. बहुतेकांना त्याचं उत्तर येतं.